मध्यंतरापर्यंत उत्तम!

१२ सप्टेंबर २०२५च्या शुक्रवारी मराठी सिनेमाच्या चाहत्याची चांगलीच पंचाईत झाली. 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन सिनेमे एकाच दिवशी लागले. त्यांचा निकाल लागायच्या आत, पुढच्याच शुक्रवारी, 'साबर बोंडं' आणि 'कुर्ला टू वेंगुर्ला' दाखल झाले. आठवडाभरात पाच नवे मराठी सिनेमे, आणि दाखवायला थिएटरं तेवढीच. घरातल्या चौघांचं तिकीट, वर मध्यंतरातलं खाणं असा हिशेब मांडला, तर यातले दोन पाहून होणंही कठीण. मग कुठला पाहायचा, कुठला सोडायचा, यावर ऑफिसच्या डब्यापासून सोसायटीच्या बाकड्यापर्यंत चर्चा झडतात. सिनेमाचं खरं परीक्षण तिथेच होतं.

त्या चर्चांत एक वाक्य वारंवार येतं: "मध्यंतरापर्यंत भारी आहे, नंतर जरा..." गेल्या दोन-तीन वर्षांतले मराठी सिनेमे ओळीने पाहिलेल्या माणसाला हे वाक्य पटकन पटेल. आपल्याकडे विषयांची ददात नाही, नटांची तर नाहीच नाही. गाडी अडते ती उत्तरार्धात. इतका वेळ माणसांसोबत नांदलेला दिग्दर्शक अचानक अस्वस्थ होतो. प्रेक्षकाला कळलं नसेल तर, या धास्तीने तो एक तर भाषण सुरू करतो, नाहीतर हाणामारी.

'दशावतार'चंच घ्या. सुबोध खानोलकरांच्या या सिनेमात दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री या कोकणातल्या वृद्ध दशावतारी नटाच्या भूमिकेत आहेत. सिनेमा आला तेव्हा प्रभावळकरांनी वयाची ८१ वर्षं पूर्ण केली होती. बाबुलीची नजर अधू होत चाललीय, मुलाला त्याची काळजी, आणि तरीही चेहऱ्याला रंग लागला की म्हाताऱ्याचं वय उतरतं. दशावतारात सगळं लिहून काढलेलं नाटक नसतं. आख्यान ठरलेलं, पण संवाद नटाने रंगमंचावर उभ्या उभ्या रचायचे. साथीला पेटी, पखवाज, झांज. तोंड ज्याचं त्याने रंगवायचं. कार्तिकापासून सिंधुदुर्गातल्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि कंपन्या गावोगाव रात्र जागवतात. हे सगळं पडद्यावर येतं तेव्हा कोकणाबाहेरच्या प्रेक्षकालाही त्या जगात बसायला जागा मिळते. बाप-लेकाचं नातं तर इतक्या साध्या रीतीने उभं राहतं, की कथा नावाचं काही सुरू झालंय याचाही विसर पडावा.

मग खाणवाले येतात. जंगल, देवराई, त्याखालचं खनिज आणि त्यावर डोळा असलेले बडे लोक. प्रश्न खरा आहे, सिंधुदुर्गाच्या सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तो वर्षानुवर्षं धुमसतोय. पण सिनेमातले हे लोक इतके ठोकळेबाज आहेत, की त्यांच्याशी लढायला नटाची गरज उरत नाही, कुणी मारामारीवाला हिरोही चालला असता. बाबुली एकेका अवताराचं रूप घेऊन सूड उगवतो ही कल्पना दमदार आहे. ती निभावतात मात्र प्रभावळकर, पटकथा नव्हे. थिएटरात टाळ्या पडल्या, सिनेमा तुफान चालला, आणि ते यश त्यांच्या पदरात टाकायला कुणाचीच ना नसावी.

आता याच्या अगदी उलट टोकाला 'वाळवी'. परेश मोकाशींचा हा सिनेमा १३ जानेवारी २०२३ला आला. लेखन त्यांचं आणि मधुगंधा कुलकर्णींचं. स्वप्नील जोशी, अनिता दाते, शिवानी सुर्वे, सुबोध भावे, एवढी मोजकी माणसं. नवरा बायकोला पटवतो, की आपण जोडीने आत्महत्या करू. डाव असा, की ती जाईल आणि हा मैत्रिणीसोबत सुखाने राहील. गुन्हा करणारी माणसं हुशार असतात हा समज मोकाशी पहिल्या अर्ध्या तासात मोडून काढतात. ही माणसं घाबरट आहेत, बावळट आहेत, एकमेकांवर खेकसणारी आहेत, आणि त्यांचा प्रत्येक नवा उपाय आधीच्या घोळात भर घालतो. वाईटाचा अंत वाईट वगैरे सुनावण्याच्या फंदात सिनेमा पडत नाही. शेवटही असा निर्दय विनोदी, की थिएटरातले दिवे लागल्यावर लोक आधी दचकतात आणि मग हसतात. तो इथे सांगणं पाप ठरेल. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, तो योग्यच.

भयपटाच्या वाटेला मराठी सिनेमा फारसा जात नाही, आणि गेला तरी बहुतेकदा हसं होतं. त्यामुळे जून २०२५मधल्या 'जारण'कडे चाहत्यांनी जरा जपूनच पाहिलं. हृषीकेश गुप्ते हे 'दंशकाळ'सारख्या कादंबरीचे लेखक, भयकथेत मुरलेले. दिग्दर्शन आणि लेखन त्यांचंच. अमृता सुभाषने रंगवलेली राधा करणीने पछाडलीय की आजारी आहे, हा प्रश्न त्यांनी लोंबकळत ठेवला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला. अशा राज्यात हा विषय घेणाऱ्याने शेवटी डॉक्टरकडून चार समजुतीचे शब्द वदवून घेतले असते, तर कुणी आश्चर्य मानलं नसतं. गुप्ते तो सोपा मार्ग घेत नाहीत. अमृता सुभाषचा चेहरा एकाच प्रसंगात लहान मुलीचा आणि थकलेल्या बाईचा होतो, तेव्हा पार्श्वसंगीत थोडं कमी वाजलं असतं तरी चाललं असतं. ही तक्रार मात्र करायलाच हवी.

संगीत कमी म्हणजे किती कमी, याचं उत्तर 'साबर बोंडं' देतो. रोहन परशुराम कानवडेंचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात २०२५ साली त्याला जागतिक कथापट विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर मुंबईहून गावी आलेला आनंद दहा दिवसांच्या सुतकात अडकतो. भावकीतली माणसं दुःखाच्या घरातही एकच विषय काढतात: आता याचं लग्न उरकून टाका. आनंदला पुरुष आवडतात, आणि गावात त्याचा जुना मित्र बाळ्या आहे. एवढीच गोष्ट.

हा विषय म्हटल्यावर आरडाओरड, बापाची काठी, गावाचा बहिष्कार असं काहीबाही डोळ्यांपुढे येतं. इथे त्यातलं काही नाही. आईला मुलाचं सगळं ठाऊक आहे. जयश्री जगताप यांनी ही आई अशी उभी केलीय, की ती बोलत नसतानाच जास्त कळते. कॅमेरा एका जागी ठाण मांडतो, माणसं चौकटीत येतात, बसतात, निघून जातात. पाखरं, गुरं, दुरून येणारी हाक हेच या सिनेमाचं संगीत. बाळ्या आनंदसाठी निवडुंगाची लाल बोंडं आणतो. काटे काढून मगच खायची ती फळं! दोघांमधलं नातं समजायला तेवढं पुरतं, प्रेमाचा संवाद लागत नाही. ज्यांनी चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' पाहिलाय, त्यांना हा धीर ओळखीचा वाटेल. तसे सिनेमे संथ असतात, खरं आहे. पण संथ आणि कंटाळवाणं यांत फरक आहे, आणि तो करायला आपण प्रेक्षकांनीही शिकायला हवं.

मग भाषण करणारे सिनेमे वाईटच का? तसंही नाही. १ मे २०२५ला आलेल्या 'आता थांबायचं नाय'मध्ये मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी दहावीच्या परीक्षेला बसतात. खऱ्या घटनेवर बेतलेली कथा, शिवराज वायचळचं दिग्दर्शन, भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव प्रमुख भूमिकांत, आणि त्यांना शिकायला भाग पाडणारे साहेब म्हणून आशुतोष गोवारीकर. सिनेमा प्रेरणादायी होणार हे पोस्टरवरूनच कळतं. पण दिवसभर गटारात उतरलेला माणूस रात्री वही उघडून बसतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांवरची झोप दिसते, आणि मग पुढचं भाषणही ऐकून घ्यावंसं वाटतं. भरत जाधव यांना वर्षानुवर्षं केवळ विनोदासाठी वापरून आपण काय गमावलं, हेही इथे लक्षात येतं.

केदार शिंदेंच्या 'बाईपण भारी देवा'बद्दल जाणकारांनी नाकं मुरडली. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, जुने रुसवेफुगवे; साचा ठरलेला, शेवट ठरलेला. पण २०२३च्या त्या पावसाळ्यात नऊवारी नेसून, नथ घालून बायकांचे घोळके थिएटरात शिरत होते आणि सिनेमा संपल्यावर तिथेच फुगड्या घालत होते. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने यांच्या वयाच्या नायिकांवर सिनेमा उभा करायचा धोका सहसा कुणी पत्करत नाही. तंत्राचे गुण कमी पडले तरी हा मान त्याचाच.

ओटीटीवर मध्यंतर नसतं, त्यामुळे तिथला दोष निराळा. 'मानवत मर्डर्स' ही सोनी लिव्हवरची मालिका ऑक्टोबर २०२४मध्ये आली. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते ७४ या काळात झालेलं हत्याकांड, त्याचा तपास करणारे रमाकांत कुलकर्णी, त्यांच्या आठवणींचा आधार. दिग्दर्शक 'आत्मपॅम्फ्लेट'वाले आशिष बेंडे. याच हत्याकांडावर अमोल पालेकरांनी १९८१ साली 'आक्रीत' केला होता, तेव्हा जुन्या प्रेक्षकांची तुलना अटळ. मकरंद अनासपुरेंना उत्तमराव बारहातेच्या भूमिकेत पाहणं हा धक्काच आहे. ज्याच्या आवाजाने आजवर हसू यायचं, त्याच आवाजाची इथे भीती वाटते. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकरही तोडीस तोड. मात्र तपासाचे धागे मधल्या भागांत फार ताणले जातात. सहा भागांत बसेल ते आठ भागांत पसरलं, की पिठल्यात पाणी जास्त झाल्यासारखं होतं.

ताणण्यात अर्थात टीव्ही मालिकांचा हात कोण धरणार? 'आई कुठे काय करते' २०१९च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २०२४च्या नोव्हेंबरात संपली. मूळ मालिका बंगाली 'श्रीमयी'. हिंदीत तिची 'अनुपमा' झाली. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती सुरुवातीला खरोखर आपल्या शेजारची बाई होती. घरात राबणारी, गाणं मागे पडलेली. पुढे तिच्या आयुष्यात इतकं काही घडवलं गेलं, की तिला गायला सवडच उरली नाही. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांत मालिका आटोपायची, आणि 'गोट्या' आजही लोकांच्या लक्षात आहे. दररोज अर्धा तास भरायचाच, हा नियम असताना लेखकाला दोष देऊन फारसं काही साधणार नाही.

आणि शेवटी तोच जुना प्रश्न: सिनेमा पाहायचा तरी कुठे? १८ जुलै २०२५ला 'येरे येरे पैसा ३' आणि हिंदी 'सैयारा' एकाच दिवशी आले. 'सैयारा'ला गर्दी लोटली, मराठी सिनेमाचे खेळ उतरवले गेले, त्यावरून राजकीय पक्षही मैदानात उतरले. मल्टिप्लेक्सचा हिशेब सरळ आहे. शुक्रवार ते रविवार खुर्च्या भरल्या तर सोमवारी खेळ राहतो, नाहीतर सकाळी साडेनऊच्या वेळेला ढकलला जातो. "ओटीटीवर येईल तेव्हा बघू" म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्या वेळेचे खेळ त्यांच्यामुळेही रिकामे जातात.

तेव्हा अजून यातलं काही पाहायचं राहिलं असेल, तर क्रम असा लावावा: आधी 'साबर बोंडं', फोन बंद करून. मग 'वाळवी', शेवट माहीत असलेल्या माणसाला शेजारी न बसवता. 'जारण' रात्री. 'आता थांबायचं नाय' घरातल्या दहावीच्या पोराला घेऊन. आणि 'दशावतार' प्रभावळकरांसाठी, उत्तरार्धासकट.