ठसा आधी की घाव आधी?

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत देवघरातल्या डबीतून अजूनही एखादी शिवराई निघते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण सगळी अक्षरं धड असलेली शिवराई विरळाच. कुठे ‘श्री’ अर्धी, कुठे ‘पति’ गायब. घेणारा म्हणतो, नाणं झिजलंय. विकणारा म्हणतो, टाकसाळीची चूक आहे, जास्त पैसे पडतील. बहुतेक वेळा दोघंही चुकलेले असतात.

1674 च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे नाणं 1708 मध्ये साताऱ्याला शाहू महाराजांची गादी आल्यावरही आणि पुढे पेशवाईतही शिवरायांच्याच नावाने पडत राहिलं. ते हाताने पाडत. खालच्या ठशावर तांब्याचा तुकडा, त्यावर वरचा ठसा आणि हातोड्याचा घाव. ठसा मोठा, तुकडा लहान. मग अक्षरं बाहेर राहणारच. ही चूक नव्हे, ती कामाची रीतच. हातोडा उसळून दुसरा घाव सरकून बसला, तर मात्र एकाच अक्षराच्या दोन कडा दिसतात. झिजेने अक्षर पुसट होतं, त्याचं दुसरं अक्षर होत नाही.

मुंबईची टाकसाळ 1829 मध्ये उभी राहिली आणि वाफेच्या यंत्राने काम बदललं. यंत्रात कोऱ्या चकतीवर दोन ठसे एकदम दाबतात आणि भोवतालचं कडं काठ सांभाळतं. इथली चूक ओळखायची ती धातू कुठे सरकला यावरून. ठशाला तडा गेला, की त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंचावलेली रेघ येते. नंतर पडलेला ओरखडा खोल असतो, त्याच्या काठाला धातू वर ढकललेला असतो. भिंगाखाली नाणं तिरकं धरलं, की फरक लगेच कळतो.

फसवणूक जास्त होते ती उलट्या छापाच्या नाण्यात. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर त्याचा खोलगट, उलटा छाप उमटतो. दुसरी बाजू मात्र स्वच्छ, पूर्ण उठावाची असते. दोन नाणी पकडीत (व्हाइसमध्ये) आवळूनही उलटा छाप काढता येतो. पण तेव्हा त्याच बाजूला मूळ नक्षी चेपलेली शिल्लक राहते आणि मागची बाजूही सपाट होते. काठाचा तुकडा गेलेला असेल, तर समोरचा काठ बघावा. चकतीच तुटकी असेल, तर बरोबर समोरचा काठ बहुधा कमजोर उठतो. कानशीने घासलेल्या नाण्याचा समोरचा काठ भक्कमच असतो. शेवटी तराजू. 1992 मध्ये आलेलं जाड पाच रुपयांचं नाणं 9 ग्रॅमचं; आम्लात बुडवून पातळ केलेलं काट्यावर लगेच उघडं पडतं.

विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई करणारी माणसं देशभर सोनं-चांदी शुद्ध करतात. मुशीत रुपया वितळला, की ठसा आणि घाव दोन्ही गेले. म्हणून विकण्याआधी नाणं नीट पाहावं. पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, त्याच्या काठाशी डाग दिलेली खूण दिसली, तर तो कधीतरी दागिन्यात होता. चिंचेने घासून तांबं चकचकीत करू नये. त्यात ओरखड्याचं वय सांगणारा काळा थरच निघून जातो.

भोक पाडलेल्या शिवराईला टाकसाळीच्या चुकीचं (एरर) नाणं म्हणून विकणं लबाडीच. तरीही ती टाकाऊ नाही: टाकसाळीची चूक कारागिराचा हात दाखवते, नंतरचा घाव नाणं बाळगणाऱ्याचं जगणं दाखवतो. ज्याचं त्याला देता आलं, तरच नाणं वाचलं म्हणायचं.