प्रवरेच्या माहेरी

नेवासे म्हटले की ज्ञानेश्वरी आठवते, आणि तिच्याबरोबर गावाजवळून वाहणारी प्रवरा. पण ही नदी येते कोठून, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? तिचे माहेर पाहायचे असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडीला जायला हवे.

मुंबई-नाशिक रस्त्यावरच्या घोटीहून भंडारदऱ्याला यावे. प्रवरेवरचे तिथले धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या पाण्यावर खाली उसाचे मळे उभे राहिले. बहुतेक मंडळी भिंतीवरून पाणी पाहतात नि माघारी फिरतात. तुम्ही मात्र जलाशयाच्या कडेकडेने पुढे चला. पाणी संपते त्या टोकाला डोंगरांच्या कुशीत रतनवाडी लागते. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची.

गावातच अमृतेश्वराचे देऊळ आहे. ते शिलाहार काळातले मानतात. शिखरापर्यंत दगडावर कोरीव काम आहे. जवळच चौकोनी पुष्करणी. तिच्या कोनाड्यांतून विष्णूच्या मूर्ती बसवल्या आहेत. पाण्याशी आलेल्या माणसाने जपून वागावे, हेच जणू त्या सांगतात.

आता गड. दसऱ्यानंतर जावे, पावसाळ्यात ओढे बघता बघता चढतात. गावातला वाटाड्या बरोबर घ्यावा आणि सकाळी लवकर निघावे. वाट दाट रानातून जाते आणि एकच ओढा पुन्हा पुन्हा ओलांडते. तुम्ही म्हणाल, हा कोणता ओढा? अहो, हीच प्रवरा! पुढे कड्याला लोखंडी शिड्या लावल्या आहेत. त्या चढून गेलात की दरवाजे लागतात, खडकात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. माथ्यावर नेढे आहे, म्हणजे कड्याला पडलेले आरपार भोक. त्यात बसले की वारा कसा अंगावर येतो, ते सांगून कळायचे नाही.

एक विनंती. ओढ्यात साबण नको, उष्टे-खरकटे नको. टाक्यात पाय बुडवू नका. वर टाकलेली घाण आधी रतनवाडीच्या दारात जाते. गावात जेवलात तर घासाघीस न करता पैसे द्या. इथे एका उडीत ओलांडता येणारे हे पाणी पुढे नेवाशावरून जाऊन गोदावरीला मिळायचे आहे. माहेराहून तिला स्वच्छ निघू द्या.