चूक सांगणाऱ्याचं काय होतं?

मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी आपली तरुण मुलं-मुली हल्ली एक शब्द हमखास वापरतात. "काका, कंपनी फार टॉक्सिक आहे, सोडू का?" मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत २२ वर्षं क्वालिटी खात्यात काढली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येत असावा. मी उलट विचारतो, "तुमच्याकडे चूक सांगणाऱ्याचं काय होतं?"

काम जास्त असलं म्हणजे वातावरण विषारी, असं नाही. मार्चअखेर अकाउंट्सवाले रात्री दहापर्यंत बसतात, एकमेकांचे डबे खातात आणि एप्रिलमध्ये मोकळे होतात. त्याला मी कष्ट म्हणेन. साहेब कडक असणं हीसुद्धा तक्रार नव्हे. वाईट बातमी वर जायची थांबली, की मात्र काळजी करावी.

आमच्या एका कारखान्यात (नाव नको) रोज सकाळी नऊची मीटिंग भरायची. आदल्या दिवशी ज्याचं रिजेक्शन जास्त, त्याला पंधरा जणांसमोर उभं करून झापायचं, अशी रीत. सहा महिन्यांत रिजेक्शन निम्म्यावर आलं. शेठ खूश! मग ग्राहकाकडून व्हॉल्व्ह बॉडीचा अख्खा लॉट परत आला. भोक मापापेक्षा मोठं झालं होतं आणि मशीनवरच्या मुलाला ते पहिल्या तासातच कळलं होतं. त्यानं कागदावर मापात बसणारा आकडा लिहून टाकला होता. त्याला काढलं. घरी दोन महिन्यांचं बाळ होतं त्याच्या. दुसऱ्या दिवशी नऊची मीटिंग तशीच भरली.

माणसं बदलली की वातावरण सुधारेल, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण आहे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा मोटार कारखाना. जनरल मोटर्सचा हा कारखाना बदनाम होता. गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास, मधूनच संप, तक्रारींचे ढीग, कामावर दारूसुद्धा. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटानं जनरल मोटर्सशी भागीदारी करून तिथेच गाड्या बनवायला सुरुवात केली. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. गैरहजेरी मात्र दोनेक टक्क्यांवर आली.

बदललं काय? कामगारांच्या तुकड्या जपानला शिकायला पाठवल्या. मंदी आलीच तर आधी व्यवस्थापकांचे पगार कापू, तुम्हाला काढणं अगदी शेवटी, असं लेखी दिलं. आणि लाइनच्या डोक्यावर एक दोरी आली. काही बिघडलं की कामगारानं ती ओढायची. टीम लीडर धावत यायचा आणि वेळेत दुरुस्त झालं नाही तर लाइन थांबायची. जुन्या काळी लाइन थांबवणं म्हणजे जवळजवळ गुन्हा होता. पुढे जनरल मोटर्सला हीच रीत आपल्या दुसऱ्या कारखान्यांत नेताना फार जड गेलं. दोरी टांगणं सोपं, ती ओढणाऱ्यावर न चिडणं अवघड.

आमच्याकडेही दोन वर्षांनी नवे प्लांट हेड आले. त्यांनी उभं करणं बंद केलं आणि रिजेक्शनचा कागद मशीनजवळ जाऊन बघायला लागले. पहिल्या महिन्यात आकडा दीडपट वाढला. शेठ अस्वस्थ. "साहेब, हे आधीपासून होतंच, आता फक्त दिसतंय," असं प्लांट हेडनी त्यांना तीनदा तरी सांगितलं असेल. एमी एडमंडसन या संशोधिकेला अमेरिकेतल्या रुग्णालयांत असंच आढळलं होतं: चांगल्या गटांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त, कारण तिथे लोक चुका लपवत नव्हते. आमच्याकडे वर्ष लागलं. दोन सुपरवायझरना ते शेवटपर्यंत जमलं नाही, ते गेले.

तुम्ही नोकरीत नवे असाल तर अख्खी कंपनी सुधारणं तुमच्या हातात नाही. पण हाताखाली दोन माणसं असतील, तर तेवढ्यापुरते तुम्हीच साहेब आहात. अपमान होत असेल तर तारीख, वेळ आणि कोण हजर होतं ते घरच्या वहीत लिहून ठेवा. लैंगिक छळ असेल तर गोष्ट वेगळी. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. उशिराला सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. यात मुलींनी "बघू पुढे" करू नये, आणि आईवडिलांनी "जाऊ दे ना" म्हणू नये.

झोप उडाली, रविवारी संध्याकाळीच पोटात गोळा येऊ लागला, तर घरी बोला आणि दुसरी नोकरी शोधायला लागा. पुढच्या मुलाखतीत "काही विचारायचंय?" असं म्हणतील, तेव्हा विचारा, "तुमच्या टीममध्ये शेवटची मोठी चूक कुणी आणि कशी सांगितली?" उत्तर देण्याआधी ते एकमेकांकडे बघतात का, एवढं पाहा.