गोदीतला साग आणि सुताराची शिंक

इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात ‘ट्रिंकोमाली’ ही लाकडी युद्धनौका आजही तरंगते आहे. ब्रिटनच्या तरंगत्या युद्धनौकांमध्ये ती सर्वांत जुनी. पण तिचा जन्म मुंबईचा. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली ही नौका ऑक्टोबर १८१७ मध्ये इथल्या गोदीतून पाण्यात उतरली. आज ती गोदी नौदलाच्या ताब्यात आहे. लायन गेटवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

जमशेटजींचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले. १७५० मध्ये इथे सुकी गोदी तयार झाली. जहाज आत घ्यायचे, दरवाजे लावायचे, पाणी बाहेर काढायचे, की तळ दुरुस्तीला मोकळा.

पण या गोदीचे खरे भांडवल होते मलबारचा साग. इंग्लंडमधली जहाजे ओकच्या लाकडाची. ओकमधल्या टॅनिक आम्लाने लोखंडी खिळे गंजत आणि त्यांच्याभोवतीचे लाकूडही खराब होई. सागातल्या तेलामुळे लोखंड टिकते. दुसरा शत्रू टेरेडो. त्याला जहाजकिडा म्हणत असले, तरी तो शिंपल्यांचा भाऊबंद. डोक्याकडच्या दोन इवल्याशा शिंपांनी तो लाकूड किसतो आणि कल्ल्यांमधल्या जिवाणूंच्या विकरांच्या मदतीने पचवतो. सागही त्याच्यापुढे अगदी अभेद्य नाही, म्हणून तळाला तांब्याचे पत्रे ठोकत.

सागाचा टिकाऊपणा नुसत्या तेलातून येत नाही. त्यात क्विनोन गटातली रसायने असतात. त्यांतले टेक्टोक्विनोन वाळवीला रोखते. आणि इथेच सुताराचा संबंध येतो. याच गटातली लॅपॅकोल आणि डीऑक्सिलॅपॅकोल ही रसायने काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. सागाच्या भुशाने हात, मान, पापण्यांवर खाजरे चट्टे उठतात. काहींना शिंका, खोकला, दमा सुरू होतो. पूर्वी काही त्रास नव्हता, म्हणून आता होणार नाही असे नाही. ॲलर्जी वर्षानुवर्षांच्या कामानंतरही उद्भवते.

त्रास कामाच्या दिवसांत वाढून सुट्टीत कमी होत असेल, तर डॉक्टरांना आपला व्यवसाय आवर्जून सांगावा. बरेच रुग्ण तो सांगतच नाहीत आणि खोकल्याच्या बाटल्या रिचवत राहतात.

कुठल्याही लाकडाची बारीक धूळ दीर्घकाळ श्वासात जाणे हे नाक व सायनसच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. घट्ट बसणारा एन-९५ मास्क आणि यंत्रापाशीच भुसा ओढून घेणारी सोय हवी. अंगावरचा भुसा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावा. एकच नाकपुडी सतत चोंदत असेल किंवा तिच्यातून रक्त येत असेल, तर सर्दी समजून थांबू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.