नौकेच्या अंतर्भागाचे रोगण : काही गैरसमज

शिडाच्या नौकेच्या केबिनीत पाऊल टाकताच सागवानी वा महोगनी चौकटींच्या आणि कंगोऱ्यांच्या ज्या तेजाने मन प्रसन्न होते, ते तेज उडू लागले की खारे पाणी आणि ऊन यांच्यावर दोषारोप करण्याची वहिवाट आहे. परंतु आतल्या लाकडाचा खरा वैरी कोंडलेली दमट हवा हा असून, त्याची ओळख नसल्यामुळेच पुष्कळ परिश्रम वाया जातात.

डोलकाठीवर जे रोगण ऊनवारा सोसते ते केबिनीतही सर्वोत्तम ठरणार, ही समजूत सर्वांत प्रचलित आहे. वस्तुतः डोलकाठी वाऱ्याच्या दाबाने वाकते, म्हणून तिच्या रोगणात तेलाचा अंश अधिक ठेवून ते लवचीक केलेले असते व अतिनील किरण शोषणारी द्रव्ये त्यात मिसळलेली असतात. केबिनीत ना ते ऊन, ना तो ताण. तेथे हातांचा, पाठींचा आणि सामानाचा घासा लागतो, व त्याला अंतर्भागासाठीचे कठीण रोगणच अधिक काळ दाद देत नाही. जिच्यावर थेट ऊन पडते अशा खिडकीच्या चौकटीला मात्र बाहेरचे रोगण लावण्यास हरकत नाही.

याहून घातक समजूत अशी की, रोगण चढले म्हणजे ओलीला मज्जाव झाला. रोगण पाण्याचा थेंब अडवते. हवेतील बाष्पाला ते केवळ विलंब लावते. पट्टीच्या दर्शनी अंगावर सहा हात दिले आणि मागील अंग व टोकांचे आडवे काप कोरे सोडले, तर ओल नेमकी तेथूनच शिरते, कारण आडव्या कापातील उघड्या नलिका सपाट अंगापेक्षा कितीतरी वेगाने पाणी ओढतात. खिडकीखालच्या सांध्यापाशी रोगणाखाली पसरणारा काळा डाग हा बहुधा लोखंडी स्क्रू, ओल आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगातून उपजतो. त्यावर नवा हात देणे म्हणजे दोषावर पांघरूण घालणे होय. आधी गळतीचा बंदोबस्त करावा, मग जुने रोगण खरवडून ऑक्झॅलिक आम्लाने डाग फिका करावा, ते आम्ल धुऊन लाकूड पूर्ण वाळू द्यावे, आणि मगच कुंचला हाती घ्यावा. दोन हातांच्या दरम्यान पृष्ठभाग घासण्यासाठी पोलादी लोकर वापरू नये, तेही याच कारणास्तव : तिचे सूक्ष्म कण लाकडात अडकून गंजतात. बारीक काचकागद पुरतो.

सागवान जात्याच तेलकट असल्यामुळे त्यावर रोगण ठरत नाही, असेही म्हटले जाते. यात तथ्यांश आहे, पण उपायही आहे : पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसून, आतील तेल पुन्हा वर येण्यापूर्वी, पातळ केलेला पहिला हात द्यावा. मंद चकाकीच्या रोगणाचेच सर्व हात देण्याचा आग्रहही अनाठायी आहे. त्यातील चमक मारणारी भुकटी थरांवर थर चढले की लाकडाच्या रेषा धूसर करते. आधीचे हात चकचकीत रोगणाचे आणि शेवटचा तेवढा मंद चकाकीचा, ही रीत उत्तम.

धूळ बसू नये म्हणून दारे-खिडक्या बंद करून काम करणारे लोक दुहेरी संकट ओढवून घेतात. तेलयुक्त रोगण केवळ द्रावक उडून वाळत नाही. तेलाने हवेतील प्राणवायू घेतल्यावाचून त्याला कठीणपणा येत नाही, आणि कोंडलेल्या केबिनीत ते चिकटच राहते. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हे काम काढू नये, कारण त्या हवेत ते आणखीच रेंगाळते व ताज्या थराचे तेज मंदावते. दुसरे संकट जिवावरचे आहे. द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साचते, आणि तेथील पंपाची वा विजेच्या कळीची एक ठिणगी तिला पुरेशी होते. म्हणून वायुवीजनाची तजवीज आणि विजेचा मुख्य खटका बंद, या दोन गोष्टी डबा उघडण्यापूर्वीच झाल्या पाहिजेत. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्यास आपोआप पेट घेतात, तेव्हा त्या पाण्याने भरलेल्या धातूच्या डब्यात घालून, झाकण लावून, त्याच दिवशी किनाऱ्यावर नेल्या पाहिजेत.