गाडी घेताना : लेखांक 9
दोन दारांची हौस आणि शेंद्र्याची ऑक्टेव्हिया

या लेखमालेत हौसेच्या गाडीचा विषय कधी ना कधी यायचाच होता. ॲव्हरेज किती, डिकीत किती मावतं, आईला चढायला उंच तर पडणार नाही ना, असा हिशेब मांडून घेतलेली गाडी वेगळी आणि सिग्नलवर शेजारी उभी राहिली की काळजात घर करणारी गाडी वेगळी. दोनच दारं, पाठीमागे उतरत गेलेलं छप्पर, लांब बोनेट, मागची सीट असून नसल्यासारखी. जगभर हिला स्पोर्ट कूपे म्हणतात. पंचविशी-तिशीतला, हाती पहिल्यांदा बरा पगार आलेला तरुण विचारतो, 'आपल्या बजेटमध्ये अशी गाडी बसेल का?' हा प्रश्न थिल्लर नाही. स्टीअरिंगवर मनापासून प्रेम असणाऱ्या माणसाचा तो प्रश्न आहे, म्हणून त्याला पूर्ण उत्तर द्यायला हवं.

नवी, परवडणारी, दोन दारांची स्पोर्ट कूपे आपल्याकडे शोरूममध्ये नाही. याला आपली चव जितकी कारणीभूत, तितकीच करांची रचना. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात मोठी सवलत मिळाली आणि तिथून भारतीय गाडीचा आकारच त्या चार मीटरच्या पट्टीने ठरू लागला. आजही तेच आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठीवर 40 टक्के. लांब बोनेट आणि दमदार इंजिन ही कूपेची ओळखच तिला वरच्या करात ढकलते. परदेशातून तयार गाडी आणायची तर आयात शुल्क 70 टक्क्यांपासून सुरू होतं, त्यावर जीएसटी, आणि महाराष्ट्रात आयात गाडीला 20 टक्के एकरकमी वाहनकर. तिकडे मध्यमवर्गीय मुलाच्या आवाक्यातली गाडी इथे उतरेपर्यंत बंगलेवाल्याची झालेली असते. शिवाय जी गाडी घरी येते ती एकट्याची नसते. मागे आई-वडील बसणार, दिवाळीला गावी जाताना बॅगा भरणार. मागच्या सीटवर जाण्यासाठी पुढची सीट दुमडावी लागणारी गाडी विकण्याचं धाडस कंपन्यांनी क्वचितच केलं.

ज्यांनी केलं, त्यांची आठवण मात्र ठेवावी. सॅन स्टॉर्म ही फायबरच्या बॉडीची, दोन माणसांची छोटी गाडी होती, आत रेनॉचं 1.2 लिटर इंजिन. दिलीप छाब्रिया यांची अवंती 2012 च्या ऑटो एक्स्पोमध्ये आली, तेव्हा भारतीय स्पोर्ट्स कार म्हणून तिच्याभोवती गर्दी उसळली होती. 2016 मध्ये फोक्सवॅगनने दोन दारांची पोलो जीटीआय आणली. 1.8 लिटर टर्बो, 192 पीएस, किंमत सुमारे साडेपंचवीस लाख एक्स-शोरूम. दिसायला शेजाऱ्याच्या पोलोसारखी आणि किंमत तिच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे ती मोजक्याच लोकांनी घेतली. त्याच वर्षी आलेली फोर्ड मस्टँग 65 लाखांची होती. ऑडी टीटी, निस्सान 370 झेड या गाड्याही आल्या, पण पूर्ण तयार होऊन, जहाजातून. जुन्या बाजारात यांपैकी एखादी दिसते आणि तिचा भाव पाहून मोहही होतो. त्या मोहाबद्दल पुढे बोलू.

आधी स्वतःला एक प्रश्न विचारून घ्यावा. तुम्हाला कूपेचं रूप हवं आहे की तिची चाल? रूपच हवं असेल तर टाटा कर्व्ह किंवा सिट्रोएन बसॉल्ट आहेत. छप्पर उतरतं आहे, दारं चार आहेत, घरच्यांची सोयही होते. त्या वाईट गाड्या नाहीत, पण त्यांची उंची एसयूव्हीची आहे आणि वळणावर ती जाणवते. आणि चाल हवी असेल, म्हणजे गिअर टाकल्यावर पाठीला सीटचा रेटा, वळणात न डुलणारी बॉडी आणि हातात रस्ता कळवणारं स्टीअरिंग, तर त्याचं उत्तर आपल्या गावाच्या वेशीवर आहे. जालना रस्त्याने निघालं की शेंद्रा एमआयडीसीत.

2001 मध्ये स्कोडाने शेंद्र्यात ऑक्टेव्हियाची जुळणी सुरू केली. हा कारखाना येण्याआधी आपलं शहर वाहनांच्या नकाशावर होतं ते वाळूजच्या बजाजमुळे, दुचाकी आणि रिक्षांचं शहर म्हणून. ऑक्टेव्हियाने त्यात जुन्या झेक कारागिरीचा धागा आणून जोडला. पुढे याच कारखान्यात ऑडीच्या ए4, ए6 जुळू लागल्या. या ऑक्टेव्हियाची आरएस नावाची आवृत्ती 2004 च्या सुमारास आपल्याकडे आली. 1.8 लिटर टर्बो पेट्रोल, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, 150 पीएस आणि पाच गिअर. त्या काळी ही ताकद चाकोरीबाहेरची होती, आणि आजही चांगली राखलेली पहिली आरएस हायवेला काढली की भल्याभल्यांना आरशात पाहायला लावते. त्यानंतर 2011 मध्ये लॉरा आरएस आली, 1.8 टीएसआय, 160 पीएस, सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. मग 2017 मध्ये 2.0 लिटर, 230 पीएसची ऑक्टेव्हिया आरएस, एक्स-शोरूम 24.62 लाख. 2020 ची 245 पीएसची गाडी आणि ऑक्टोबर 2025 मध्ये 49.99 लाखांना आलेली नवी आरएस या मात्र परदेशातून तयार होऊन आल्या. पहिली 200 आणि दुसरी 100 गाड्यांपुरती.

आरएसला दारं चार आहेत, हे खरं. पण मागच्या काचेसकट उघडणारं झाकण, उताराचं छप्पर आणि अवाढव्य डिकी यांमुळे तिच्यात कूपेचा बाक आणि संसाराची सोय एकत्र नांदतात. मला विचाराल तर परवडणाऱ्या पैशात चालवण्याचा खरा आनंद देणारी, या शहरात शोधण्याजोगी गाडी हीच. मॅन्युअल गिअरची आवड असेल तर लॉरा आरएस, आणि खिशात थोडे जास्त पैसे असतील तर 2017 नंतरची ऑक्टेव्हिया आरएस. पहिली 2004 ची आरएस आता रोजच्या ऑफिसची गाडी म्हणून कोणी घेऊ नये. ती जपायची गाडी आहे, आणि तिच्या आरसीची 15 वर्षं संपलेली असल्याने पुनर्नोंदणी झाली आहे का, हे आधी पाहावं लागतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो आपल्याच गावात सर्वांत पक्का आहे. 'गाडी शेंद्र्यात बनते, मग पार्ट इथेच स्वस्तात मिळतील.' तसं नाही. या गाड्यांचे भाग सुटे येत आणि शेंद्र्यात जोडले जात. सुट्या भागांवर आयात शुल्क बरंच कमी पडतं, म्हणून गाडीची किंमत आवाक्यात राहिली. पण टर्बो, गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक, सस्पेन्शनचे भाग यांवर शेंद्र्याचा शिक्का नाही आणि त्यांची किंमत कारखाना जवळ आहे म्हणून उतरत नाही.

आता मघाच्या त्या मोहाबद्दल. ऑक्टोबर 2010 मध्ये या शहरातल्या मंडळींनी एकाच दिवशी 150 मर्सिडीज घेतल्या आणि देशभर बातमी झाली. सौदा सुमारे 65 कोटींचा होता. महाग गाडी घेणारी माणसं आपल्याकडे आहेत, म्हणून काही वर्षांनी त्या गाड्या जुन्या बाजारातही येतात. साठ लाखांची गाडी दहा वर्षांनी दहा-बारा लाखांत दिसली तर विकत घेण्याची ऐपत येते, पण तिच्या ब्रेक डिस्कचं, एअरबॅगच्या सेन्सरचं, टायरचं बिल साठ लाखांच्या गाडीचंच येतं. किंमत उतरते, देखभाल उतरत नाही. म्हणून जुनी टीटी किंवा 370 झेड स्वस्तात मिळतेय असं कोणी सांगितलं, तर पहिल्या वर्षीच्या कामासाठी वेगळी रक्कम बाजूला काढल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. आरएसच्या बाबतीतही ही रक्कम हवीच, फक्त ती भीती वाटावी इतकी मोठी नसते.

आता प्रत्यक्ष गाडीकडे. बघायला सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगा की माझ्यासमोरच सुरू करा. पोहोचल्यावर बोलायच्या आधी तळहात बोनेटवर ठेवा. कोमट लागलं तर समजा, तुम्ही येण्याआधी कोणीतरी ती सुरू करून ठेवली होती. थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले दोन-तीन सेकंद पुढच्या बाजूने साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येतो का, ते ऐका. लॉराच्या पिढीतल्या 1.8 टीएसआय इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर हे दुखरं ठिकाण आहे, आणि तो वेळेत बदलला नाही तर चेन सरकून इंजिनच खोलावं लागतं. याच इंजिनांच्या बाबतीत ऑइल खाण्याची तक्रार जगभर झाली, म्हणून डिपस्टिक काढून पातळी पाहा आणि मालकाला सरळ विचारा की दोन सर्व्हिसच्या मधे किती ऑइल घालावं लागतं. खरं बोलणारा माणूस आकडा सांगतो. 2004 च्या गाडीत चेन नाही, बेल्ट आहे, आणि तो कधी बदलला याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरून चाला.

गिअरबॉक्सला जास्त वेळ द्या. 2017 च्या आरएसमध्ये सहा गिअरची ओल्या क्लचची डीएसजी ही ऑटोमॅटिक पेटी आहे, क्लच तेलात बुडालेले. तिचं तेल साधारण 60 हजार किलोमीटरला बदलावं लागतं. ते बदललं असेल तर ही पेटी दीर्घायुषी आहे. सात गिअरची कोरड्या क्लचची डीएसजी, जी साध्या 1.8 ऑक्टेव्हियात आणि पोलो जीटीत आली, ती मात्र गर्दीत तापते. क्रांती चौकापासून सिडकोपर्यंत संध्याकाळी सात वाजता गाडी चालवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसका, थरथर, डी वरून आर टाकताना होणारा उशीर, हे सगळं त्या गर्दीतच उघडं पडतं. रिकाम्या रस्त्यावरच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये ते दिसत नाही, आणि विकणारा तुम्हाला नेमका रिकाम्या रस्त्यावरच घेऊन जातो.

टायरकडे लोक रेषा किती उरल्या एवढंच बघतात. बाजूच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. 3219 असेल तर 2019 च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. रेषा नव्यासारख्या असल्या तरी असा जुना टायर बदलायचाच. स्पोर्टी गाडीचा टायर 225/45 असा असतो, म्हणजे रुंदी 225 मिलिमीटर आणि भिंत तिच्या 45 टक्के, जेमतेम दहा सेंटिमीटर. खड्डा आला की धक्का सरळ रिमला. हे सांगतोय कारण माळीवाड्यापासून समृद्धी महामार्ग हाकेच्या अंतरावर आहे, आणि अशी गाडी घेतलेला माणूस तिथे जाणारच. काँक्रीटचा तापलेला रस्ता, तासन्‌तास 120 ची गती आणि म्हातारा टायर हे त्रिकूट जीव घेतं. टायर फुटून झालेले अपघात त्या महामार्गाने पाहिले आहेत. गाडीच्या सौद्यातून चार नव्या टायरचे पैसे वजा करून घ्या, नाहीतर स्वतः घाला, पण पहिल्या लांब प्रवासाआधी.

आणखी एक नवी काळजी इंधनाची आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी घडवलेल्या नव्हत्या. जुन्या आरएसमध्ये इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील मेकॅनिककडून तपासून घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर तिथेच थांबा.

कागदांत सर्वांत जास्त फसगत दिल्लीच्या गाडीत होते. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीवर शिक्कामोर्तब केलं, आणि तिथल्या हौसेच्या गाड्या कमी भावात इकडे येऊ लागल्या. भाव कमी असतो, पण एनओसी, इथला वाहनकर आणि एमएच-20 पासिंग यांचा खर्च आणि वेळ धरला की फरक बराच आटतो. गाडी कुठलीही असो, टोकन देण्याआधी परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बँकेचा बोजा, विम्याची मुदत आणि थकलेली चलनं पाहा. आरसीवर बोजा असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या की राज्यातल्याच गाडीसाठी विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव लावून घ्यायचं, असा कायदा आहे. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो गाडीबरोबर येत नाही. जीएसटी नोंदणी असलेला डीलर असेल तर त्याच्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि तो भावात धरलेला असतो. मालकाकडून थेट घेतलीत तर हा कर नाही, म्हणून ओळखीतून मिळालेली एक मालकाची गाडी बहुतेक वेळा भावात सरस ठरते.

दिल्लीच्या गाडीचा उल्लेख आज ओझरताच झाला. एनओसी मिळाल्यापासून एमएच-20 चा नंबर लागेपर्यंतची वाट, तिच्यातले फॉर्म आणि कराचा हिशेब, हे सगळं पुढच्या लेखांकात सविस्तर पाहू.