१२० तासांची नोकरी

जानेवारी उजाडला की तालुक्याच्या गावातल्या सीएंच्या ऑफिसात हल्ली एक नवा प्रश्न ऐकू येतो : "सर, ओजेटी मिळेल का?" विचारणारा बी.कॉम. किंवा बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला असतो. हातात कॉलेजचं पत्र असतं आणि पत्रात संस्थेच्या नावाची जागा कोरी. मग पतसंस्था, दुचाकीचं शोरूम, महा ई-सेवा केंद्र अशी फेरी सुरू होते. उत्तर बहुधा एकच मिळतं, "मार्च एंड होऊ दे, मग बघू." मार्च एंड होईतो परीक्षा तोंडावर आलेली असते.

ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्य सरकारने एप्रिल २०२३ मध्ये अभ्यासक्रमाचा आराखडा ठरवला, त्यात ते आलं. श्रेयांक चार आणि एका श्रेयांकाचे तास तीस, म्हणजे १२० तासांचं प्रत्यक्ष काम. एमबीएवाल्यांना यात नवल नाही. पुणे विद्यापीठाच्या एमबीएची मुलं दोन सत्रं संपली की आठ आठवड्यांच्या 'सिप'ला, म्हणजे समर इंटर्नशिप प्रोजेक्टला, आधीपासून जात आली आहेत. आता ही पाळी साध्या पदवीच्या मुलांवरही आली आहे, आणि जागा शोधायचं काम बऱ्याच कॉलेजांत त्यांच्याच गळ्यात पडतं. सगळी गोम इथेच आहे.

कारण ही कल्पना ज्याने रुजवली, त्याने जागा शोधायचं काम विद्यार्थ्यांवर टाकलं नव्हतं. १९०६ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने २७ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. मुलांच्या जोड्या लावल्या. एक आठवडाभर वर्गात, दुसरा कारखान्यात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्यातली जागा रिकामी राहायची नाही, त्यामुळे मालकालाही सोय. कारखानदारांना गळ घालणं हे विद्यापीठाचं काम होतं.

आपल्याकडे पिलानीच्या बिट्सने १९७३ मध्ये 'प्रॅक्टिस स्कूल' सुरू केलं, तेही याच धर्तीवर. दुसऱ्या वर्षानंतर दोन महिने, शेवटच्या वर्षी साधारण साडेपाच महिने. कंपन्यांशी बोलणी संस्था करते आणि मुलांवर लक्ष ठेवायला प्राध्यापक नेमते. गोव्याच्या कॅम्पसची मुलंही याच वाटेने जातात.

वाणिज्य शाखेत तर याचा वडिलोपार्जित नमुना आहे : सीएची आर्टिकलशिप. पूर्वी तीन वर्षांची होती, जुलै २०२३ पासून दोन वर्षांची झाली. तिथे नोंदणी होते, किमान विद्यावेतन ठरलेलं असतं, एका सीएने किती आर्टिकल ठेवायचे यालाही मर्यादा. मुलगा काय शिकला याची जबाबदारी एका नावावर असते. ओजेटीच्या पत्रातली कोरी जागा नेमकी तीच.

कोऱ्या जागेवर कोणी ना कोणी नाव घालतंच. आयटीच्या मुलांना हा बाजार चांगला ठाऊक आहे. ऑनलाइन फॉर्म भरला की थोड्याच वेळात ऑफर लेटर, मग तीन 'टास्क' : कॅल्क्युलेटर, टु-डू लिस्ट, हवामानाचं ॲप. कोड इंटरनेटवर आयताच सापडतो. तो गिटहबवर टाकायचा, लिंक्डइनवर आभार मानायचे आणि थोडेसे पैसे भरून प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. महिन्याभराची इंटर्नशिप एका रविवारच्या दुपारीत उरकते. मुलांना दोष देताना हात जरा आखडता घ्यावा. अंतिम तारीख कॉलेजनेच दिलेली असते.

घरात आणखी एक घोळ असतो. "सरकार इंटर्नशिपचे पैसे देतं म्हणे," असं बाबा पेपर वाचून सांगतात. पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा महिना ५,००० रुपये आणि वय २१ ते २४ अशा अटी होत्या. पण पूर्णवेळ शिकणारे त्यातून वगळलेले होते, आणि एमबीए किंवा सीए झालेलेही. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला १०,००० रुपये, पण तीही शिक्षण संपलेल्यांसाठी. कॉलेजात बसलेल्याला तेव्हा दोन्हीकडून नकार होता.

आणि तरीही धड जागा मिळाली, तर १२० तास कमी नसतात. सीएच्या ऑफिसात महिन्याच्या दहा तारखेच्या संध्याकाळी दुकानदार बिलांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी टेबलावर ओततो. जीएसटीआर-१ भरायची तारीख साधारणपणे अकरा. बिलं तारखेवार लावताना दोनांवर नंबर एकच असल्याचं लक्षात येतं, तिसऱ्यावर गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर एका आकड्याने चुकलेला. पुस्तकात जीएसटी अख्खा वाचलेला मुलगा फोन उचलतो आणि त्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच विचारतो, "काका, तुमचा नंबर जरा परत सांगता का?"